सोन्याच्या नाण्यावर नाव कुणाचं? रोम पडल्यानंतरचे जर्मानिक राजे आणि त्यांच्या टांकसाळी

ठसा

नमस्कार मंडळी. गेले काही महिने एकच प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

इ.स. ५५० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रोकोपियस नावाचा इतिहासकार सम्राट जस्टिनियनच्या युद्धांची हकीकत लिहीत होता. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, फ्रँक राजांचा विषय निघाला की तो चांगलाच चिडतो. त्याच्या दोन तक्रारी आहेत. पहिली, हे लोक आर्लच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यतींना ऐटीत बसतात. दुसरी, ते गॉलमधल्या सोन्याची नाणी पाडतात आणि त्यावर सम्राटाचा नाही, स्वतःचा चेहरा उमटवतात. पर्शियाचा राजा चांदीची नाणी हवी तशी पाडतो, पण सोन्यावर स्वतःचा चेहरा घालणं त्यालाही योग्य मानलं जात नाही, असं तो म्हणतो. कारण काय, तर असलं नाणं व्यापारात कुणी घेत नाही, समोरचा माणूस रानटी असला तरी घेत नाही.

मी इथे थबकलो. आर्ल गेलं, मार्सेय गेलं, अख्खा गॉल हातातून गेला, तरी नाण्यावरचा चेहरा या माणसाला वेगळा सलतोय.

थोडं मागे जाऊ. ४७६ साली इटलीतल्या ओडोआकर या जर्मानिक सेनापतीने पश्चिमेचा शेवटचा सम्राट रोम्युलस ऑगस्ट्युलस याला पदावरून उतरवलं आणि राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलला पाठवून दिली. तोपर्यंत आफ्रिकेत व्हँडल, स्पेन आणि दक्षिण गॉलमध्ये व्हिसिगॉथ, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात बर्गंडियन असे राजे बसलेले होते. जमीन त्यांची, सैन्य त्यांचं, वसुली त्यांची. पण त्यांच्या टांकसाळीतून पडणारं सोन्याचं नाणं बघाल तर त्यावर नाव असतं हजारो मैल दूर बसलेल्या सम्राटाचं.

हे नाणं म्हणजे सॉलिडस. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टंटाइनने ते रूढ केलं. एका रोमन पौंड सोन्यात ७२ नाणी, म्हणजे एकेक साधारण साडेचार ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे ट्रेमिसिस, दीड ग्रॅमचं, करंगळीच्या नखावर मावेल एवढं. पश्चिमेकडच्या राजांच्या टांकसाळीत पुढे मुख्यतः हेच छोटं नाणं पडत राहिलं.

ओडोआकरने चांदीवर आणि तांब्यावर स्वतःच्या नावाची अक्षरं एकात एक गुंफून ठसा घातला. एका चांदीच्या नाण्यावर तर त्याचा मिशीवाला चेहराही आहे. सोन्यावर मात्र सम्राट झेनो. त्याच्यानंतर इटलीवर तेहतीस वर्षं राज्य केलेला ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक (४९३ ते ५२६) तर सर्व बाजूंनी बलवान. त्याच्याही सोन्यावर आधी अनास्टासियस, मग जस्टिन. स्वतःच्या खुणेसाठी त्याने मागच्या बाजूला कोपऱ्यात अक्षरांची एक चिमुकली गुंफण तेवढी ठेवली.

याला एक अपवाद आहे. मोर्रो दाल्बा या इटालियन गावी १८९४ साली सापडलेलं तीन सॉलिडसच्या तोलाचं सोन्याचं पदक. रोमच्या पालाझ्झो मास्सिमो संग्रहालयाच्या तळमजल्याखाली नाण्यांचं दालन आहे, तिथे मी ते दोन वर्षांपूर्वी पाहिलं. काचेला नाक लावून किती वेळ उभा होतो कोण जाणे. राजा समोर बघतोय. कानांवरून उतरलेले दाट केस, ओठांवर मिशी, अंगात चिलखत, उजवा हात वर केलेला आणि डाव्या हातातल्या गोलावर विजयदेवता उभी. डोक्यावर मुकुट नाही. सम्राटाची रत्नपट्टीही नाही. भोवती 'रेक्स थिओडेरिकुस', म्हणजे 'राजा थिओडोरिक', आणि पुढे 'पिउस प्रिंकेप्स' वगैरे बिरुदं. 'ऑगस्टस' हा सम्राटाचा किताब मात्र त्याने टाळलाय. आणि हे नाणं बाजारात फिरलेलंच नाही. कुणीतरी त्याला मागून टाचणी जोडून छातीवर मिरवायचं भूषण केलं होतं. म्हणजे सोन्यावर चेहरा घातला तो बक्षिसाच्या पदकावर.

बाजारातल्या सोन्यावर पहिल्यांदा हात घातला तो फ्रँक राजा थिउडेबर्टने. ५३४ च्या आसपास गादीवर आला, ५३९ साली सैन्य घेऊन इटलीत उतरला, ५४८ च्या सुमारास वारला. त्याचे सॉलिडस दिसायला हुबेहूब सम्राटाचे, तेच चिलखत, तीच ढाल, तोच भाला. फक्त सम्राटाच्या नावाच्या जागी 'आमचे धनी थिउडेबर्ट'. प्रोकोपियसला झोंबलं ते बहुधा हेच.

माझा प्रश्न असा, की तलवारीने सगळं घेतलेल्या या राजांना एवढीशी चकती बदलायला दोन पिढ्या का लागल्या? मला वाटतं, रोमच्या नावाचा धाक अजून त्यांच्या मनातून गेला नव्हता. तुमचं मत सांगा.

चिकित्सक

लेख आवडला, पण 'धाक' हे उत्तर मला पटत नाही. तुमच्याच माहितीत त्याचं खंडन आहे. ओडोआकर चांदीवर बिनदिक्कत स्वतःचं नाव घालतो. व्हँडल राजा गुंथामुंड (४८४ ते ४९६) कार्थेजच्या चांदीवर स्वतःचं नाव आणि चेहरा घालतो, आणि व्हँडल तर रोम लुटलेले लोक, ४५५ साली. त्यांना कसला आलाय धाक? तरी सोन्याला त्यांनीही हात लावला नाही. धाक असता तर तो चांदीवरही दिसला असता. तेव्हा फरक धातूत आहे, राजाच्या मनात नाही.

दुसरं, प्रोकोपियसचं बोलणं जसंच्या तसं घेऊ नये. पर्शियाच्या ससानी राजांनी प्रसंगी सोन्याची नाणी पाडलेली आहेत, स्वतःच्या चेहऱ्याची. आणि आपल्याकडे कुषाणांपासून गुप्तांपर्यंत सगळ्यांनी सोन्यावर स्वतःला कोरलं. समुद्रगुप्त वीणा वाजवतो तो सोन्यावरच. तेव्हा 'सोन्यावर फक्त रोमचा सम्राट' हा जगाचा नियम नव्हे, कॉन्स्टँटिनोपलची इच्छा होती.

पाऊलवाट

चिकित्सक, इच्छा होती हे खरं, पण त्या इच्छेला मागे बाजार होता. त्याच सहाव्या शतकातला कॉस्मास नावाचा एक अलेक्झांड्रियाचा व्यापारी एक गोष्ट सांगतो. सोपात्रोस नावाचा रोमन व्यापारी सिंहलद्वीपाला पोचला. तिथे एक पर्शियनही आला होता. दोघांचा वाद लागला, कुणाचा राजा मोठा. सोपात्रोस तिथल्या राजाला म्हणाला, दोन्ही राजे इथेच हजर आहेत, बघून घ्या. आणि त्याने दोन नाणी पुढे केली, रोमचं सोन्याचं आणि पर्शियाचं चांदीचं. राजाने दोन्ही उलटसुलट केली, वाजवली आणि कौल रोमच्या बाजूने दिला.

गोष्ट रचलेली असेल, पण कॉस्मास ठामपणे लिहितो की रोमच्या सोन्यावर पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे व्यवहार होतात. (हाच कॉस्मास आपल्या किनाऱ्यावरच्या 'कल्लियाना' बंदराचा उल्लेख करतो. बरेच अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात.)

सराफकट्टा

धागा वाचून राहवलं नाही. आमची पेढी तीन पिढ्यांची, मी स्वतः तीस वर्षं कसोटीचा दगड हातात घेऊन बसतोय. माझं म्हणणं धंद्याच्या बाजूने.

चांदीचं किंवा तांब्याचं छोटं नाणं गावातल्या गावात फिरतं. भाजीला, भाकरीला. ते हिणकस निघालं तर नुकसान चार पैशांचं. सोन्याचं एक नाणं खोटं निघालं तर गिऱ्हाईकाचा महिना बुडतो. म्हणून सोनं घेताना माणूस तीन गोष्टी करतो: तोलतो, वाजवतो, घासतो. दगडावर ओढलेला कस जाणत्या कसाशी ताडून बघतो. प्रत्येक वेळी हे करायचं तर अर्धा दिवस जातो. ओळखीचा ठसा असला की हा वेळ वाचतो. ठशाचं काम तेवढंच: 'हे तपासलेलं आहे, पुन्हा तपासू नका.'

आता विचार करा. मी सहाव्या शतकातला सराफ आहे. माझ्या हातून दहा हजार नाणी गेलीत, सगळ्यांवर तोच तो सम्राट, तीच विजयदेवता. एके दिवशी गिऱ्हाईक नवीन नावाचं नाणं घेऊन येतं. ते भले शंभर नंबरी असेल, मी ते बाजूला ठेवणार आणि बट्टा लावणार. राजाचा अपमान करायचा म्हणून नाही. मला ते माहीत नाही म्हणून.

जाता जाता एक सांगतो. सॉलिडसचे २४ भाग धरत, एकेक भाग म्हणजे एक सिलिक्वा, ग्रीकात केरातिओन, कॅरोबच्या झाडाची बी. आपण आज सोनं २४ कॅरेट म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे गुंज, त्यांच्याकडे कॅरोबची बी. तुमचा सॉलिडस आमच्या जुन्या तोलात साधारण साडेचार मासे भरेल.

ठसा

सराफकट्टा, तुमच्या प्रतिसादाने माझा प्रश्नच बदलला. मान्य करतो, 'धाक' हा शब्द चुकला. चांदीवर नाव आणि सोन्यावर नाही, हे धाकाने समजत नाही, तुमच्या बट्ट्याने समजतं.

एक गोष्ट आता नव्याने अर्थपूर्ण वाटते. स्पेनमधल्या व्हिसिगॉथांनी सहाव्या शतकाच्या मध्यावर पाडलेले ट्रेमिसिस आहेत. नाव सम्राटाचं, पण ठसा कोरणारा नकलेची नक्कल करत गेला. अक्षरं झिजून नुसत्या उभ्या काड्या उरल्या. मागची पंखवाली विजयदेवता हळूहळू अशी बदलली की शेवटी पाय आणि पंख फुटलेल्या नाकतोड्यासारखी दिसायला लागली. सम्राटाचं नाव त्यावर कुणालाही वाचता येणार नाही. तरी तोच साचा चालू ठेवला, कारण लोकांची नजर त्याला सरावली होती.

आणि मग लिओविगिल्ड आला (५६८ ते ५८६). त्याने हे सगळं मोडलं. सेव्हिलचा बिशप इसिदोर लिहितो, की याच्या आधी व्हिसिगॉथ राजाचा पोशाख आणि बसायची जागा सगळ्या लोकांसारखीच होती. राजवस्त्रं घालून सिंहासनावर बसणारा हा पहिला. याच माणसाने ट्रेमिसिसवर स्वतःचं नाव घातलं, आणि मुलाशी झालेल्या युद्धाच्या बातम्याही. थोरला मुलगा हेर्मेनेगिल्ड ५७९ मध्ये सेव्हिलला बसून उलटला. त्याने स्वतःची सोन्याची नाणी पाडली, त्यावर मजकूर असा की देव राजाला आयुष्य देवो. बापाने शहरं परत घेतली तशी त्या त्या शहराची नाणी काढली. मेरिदाच्या नाण्यावर 'विजय'. कोर्दोबाच्या नाण्यावर 'दोनदा जिंकलं', कारण ५७२ मध्ये घेतलेलं ते शहर त्याला पुन्हा घ्यावं लागलं होतं. ५८५ साली मुलगा मारला गेला.

बापलेकाची लढाई दीड ग्रॅम सोन्यावर कोरलेली आहे. हे मी किती वेळा वाचलं तरी अंगावर काटा येतो.

कायदेकानू

लोक नाणी नाकारत होते याचा थेट पुरावा कायद्यात मिळतो. कायदा करावा लागतो तो असं काही घडत असतं म्हणूनच.

४५८ साली पश्चिमेचा सम्राट मेजोरियन वसुली अधिकाऱ्यांना बजावतो, की पूर्ण वजनाचा सॉलिडस नाकारू नका. मात्र गॉलमधला सॉलिडस सोडून, कारण त्याचं सोनं कमी कसाचं. पुढे बर्गंडियन कायद्यातही काही ठराविक सॉलिडस घेऊ नयेत अशी यादी येते, त्यात गॉथांनी अलारिकच्या काळात पाडलेले आणि जिनिव्हाचे सॉलिडसही आहेत. अलारिकच्या सोन्यातली भेसळ गॉलमधल्या व्हिएन्नचा बिशप अविटुस याच्या पत्रातही येते, म्हणजे ती गावभर माहीत होती.

थिओडोरिकच्या दरबारात कॅसिओडोरस नावाचा सचिव होता, त्याची सरकारी पत्रं उरलीत. एका पत्रात राजरक्षक दलाच्या तक्रारीची चौकशी आहे: पगार देणारा आम्हाला वजनात मारलेली नाणी देतो. चौकशी कुणाकडे सोपवली, तर तत्त्वज्ञ बोएथियसकडे, कारण त्याला गणित येतं.

आणि सर्वांत कडक इटलीतल्या लोंबार्डांचा राजा रोथारी याचा कायदा, साल ६४३. राजाच्या आज्ञेशिवाय जो सोन्यावर ठसा मारेल किंवा नाणं पाडेल त्याचा हात तोडावा. गंमत वाटेल, पण त्या वर्षी लोंबार्डांच्या स्वतःच्या सोन्यावर राजाचं नाव नव्हतंच, जुन्या सम्राटांच्या नकलाच चालू होत्या. ठशावर हक्क राजाचा, नाव दुसऱ्याचं. सोन्यावर चेहरा आणि नाव ठळकपणे आलं ते राजा कुनिंकपेर्टच्या काळात, ६८८ नंतर, आणि मागे विजयदेवतेच्या जागी देवदूत मायकेल.

मधुमालती

कायदेकानूंनी लिहिलेलं 'ठशावर हक्क राजाचा, नाव दुसऱ्याचं' हे फार महत्त्वाचं वाटलं. आपण नाव म्हणजेच सत्ता असं धरून चाललोय, ते दर वेळी खरं नसणार.

माझी एक शंका. थिउडेबर्टनंतर फ्रँक राजांचं काय झालं? मी फ्रान्समधल्या एका छोट्या गावाच्या संग्रहालयात सातव्या शतकातली सोन्याची नाणी पाहिली होती, त्यावर राजाचं नावच नव्हतं. कुणा भलत्याच माणसाचं होतं.

अनामिक_वाचक

आपल्याकडेही हेच. मराठ्यांच्या कितीतरी टांकसाळींत शाह आलमच्या नावाचे रुपये पडत होते, तेव्हा तो बादशहा मराठ्यांच्याच आधारावर दिल्लीत बसलेला. आणि कंपनी सरकारनेही १८३५ पर्यंत बादशहाचं नाव काढलं नाही. बाजाराला सवय झालेला ठसा बदलायला कुणीच धजत नाही.

ठसा

अनामिक_वाचक, अगदी बरोबर, आणि तिथेही शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी होन आणि शिवराई स्वतःच्या नावाने काढली हे लक्षात घेण्यासारखं आहे. पण त्यावर वेगळा धागा हवा, तो कुणीतरी जाणकाराने काढावा.

मधुमालती ताई, तुम्ही पाहिलंत ते नाव टांकसाळवाल्याचं होतं. साधारण ५८० पासून पुढे शंभरेक वर्षं फ्रँक राज्यात पाडलेल्या ट्रेमिसिसवर दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात: गावाचं नाव आणि टांकसाळवाल्याचं नाव. गावं शेकड्यांनी, माणसं हजारावर. मोठ्या शहरांपासून आज नकाशावर शोधावी लागतात अशा खेड्यांपर्यंत. मार्सेयसारख्या ठिकाणी अधूनमधून क्लोथार, दागोबेर अशी राजांची नावं येतात, तेवढंच. ज्या घराण्याने पहिल्यांदा सोन्यावर नाव घातलं, त्याच घराण्याचं नाव सोन्यावरून दिसेनासं होतं.

अनेक पुस्तकांत याचा अर्थ 'राजा दुबळा झाला' असा सरळ लावलेला असतो. मला तो आता पटत नाही. दागोबेर दुबळा राजा नव्हता.

या टांकसाळवाल्यांपैकी एकाचं चरित्र आपल्याला माहीत आहे. एलिगियस, फ्रेंचमध्ये सेंट एलुआ, आजही सोनारांचा संत. लिमोजजवळचा, जन्म ५८८ च्या सुमाराचा. सोनारकाम शिकला. राजा क्लोथारने सिंहासनासाठी सोनं तोलून दिलं, याने तेवढ्याच सोन्यात दोन आसनं करून नेली आणि राजाचा विश्वास मिळवला. पुढे तो दागोबेरचा टांकसाळवाला झाला, त्याच्या नावाची नाणी आजही आहेत, आणि ६४१ मध्ये नोयोंचा बिशप.

त्याच्या चरित्रात एक प्रसंग आहे, तो सराफकट्टांसाठी मुद्दाम देतो. लिमोजच्या भागात राजाचा सारा जमा झाला. तो तसाच पाठवायचा नाही. राजाचा अधिकारी आणि टांकसाळवाला दोघांनी मिळून ते सोनं भट्टीत घालून आधी शुद्ध करायचं, कारण रिवाज असा की राजवाड्यात फक्त शुद्ध, लालबुंद सोनं जावं. चरित्र संताचं असल्याने पुढे चमत्कार आहे: दागोबेरने त्या भागातली एक मालमत्ता एलिगियसला मठासाठी दिली होती, म्हणून हे सोनं काही केल्या भट्टीत शुद्ध होईना. चमत्कार बाजूला ठेवा, पण कामाची पद्धत बघा. गावोगावचं सोनं येतं, जबाबदार माणूस ते वितळवतो, कस लावतो आणि नावानिशी पुढे पाठवतो.

सराफकट्टा

ठसा, हे वाचून उठून बसलो. अहो, हे तर हॉलमार्क झालं!

दागिन्यावर पेढीची खूण कशाला असते? उद्या कस कमी निघाला तर कुणाची मान धरायची ते कळावं म्हणून. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या पाटल्यांवर आतल्या बाजूला नावाचा बारीक छाप असायचा. चाळीस वर्षांनी कुणी मोडायला आणली तरी त्या छापावर आम्ही बिनबोभाट भाव देत होतो, अजूनही देतो. राजाचं नाव असून उपयोग काय? राजा पॅरिसला. खेड्यातल्या माणसाला ओळखीचा कोण, तर त्याच्या गावचा टांकसाळवाला. 'हा माणूस जामीन आहे' असं त्या नाण्यावर लिहिलंय.

चिकित्सक

जामीनदारीचा मुद्दा मान्य. पण मग शेवट का तसा झाला? सातव्या शतकात या सोन्यात चांदीची भेसळ वाढत गेली आणि ६७० च्या सुमारास फ्रँकांनी सोनं सोडून चांदीचा दनिए धरला. स्पेनमध्ये तर राजाचं नाव ठळक असूनही कस घसरतच गेला. म्हणजे नाव राजाचं असो की सोनाराचं, पूर्वेकडून येणारं सोनं आटलं की दोघांचाही इलाज नाही. धातूचा पुरवठा या चर्चेत विसरू नका.

ठसा

विसरत नाही. उलट तुमच्याच मुद्द्यावरून पुढचं पाऊल दिसतं. चांदी आल्यावर राजे परत येतात.

७५५ मध्ये फ्रँक राजा पिपिन ठरवतो की एका पौंड चांदीतून २२ शिलिंगांहून (एक शिलिंग म्हणजे बारा दनिए) जास्त काढू नयेत, त्यातला एक टांकसाळवाल्याचा. टांकसाळवाल्याचं नाव जातं, मोबदला उरतो. त्याचा मुलगा शार्लमेन ७९४ साली फ्रँकफर्टच्या सभेत जाहीर करतो, की आमच्या नावाचे नवे दनिए, शुद्ध चांदीचे आणि पूर्ण वजनाचे, प्रत्येक शहरात, प्रत्येक बाजारात सारखेच चालतील. जो स्वतंत्र माणूस ते नाकारेल त्याला १५ शिलिंग दंड. म्हणजे नाकारणारे तेव्हाही होते! पण या वेळी राजाने सराफकट्टांच्या पेढीसारखं केलं. नाव घातलं आणि वजनही वाढवलं, साधारण १.३ ग्रॅमवरून १.७ ग्रॅमवर. नुसत्या नावावर भागवलं नाही. बारा दनिएंचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड हा हिशेब इंग्लंडमध्ये १९७१ पर्यंत चालला.

त्याचा नातू शार्ल द बाल्ड ८६४ मध्ये पीत्रच्या फर्मानाने टांकसाळी दहावर आणतो. जुनी नाणी मार्टिनच्या सणापासून बंद, नवीन घ्या, एका बाजूला राजाची अक्षरगुंफण, दुसऱ्या बाजूला क्रूस आणि गावाचं नाव. शेकडो गावं आणि हजारावर सोनार, तिथून दहा ठिकाणं.

लंडनचा_पाऊस

सगळ्यांनी युरोपच सांगितलं, इंग्लंड राहिलं. मी इथे राहते, ब्रिटिश म्युझियमला अधूनमधून जाते.

तिथे इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याचा राजा ओफा (७५७ ते ७९६) याचं एक सोन्याचं नाणं आहे. बगदादच्या खलिफा अल-मन्सूरच्या दिनाराची नक्कल, हिजरी सन १५७. म्हणजे ७७३-७४. अरबी मजकूर तसाच्या तसा कोरलाय, ठसा करणाऱ्याला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं हे दिसतं, आणि मधोमध लॅटिनमध्ये 'ओफा रेक्स'. अरबी सरळ धरली की लॅटिन उलटी. ख्रिस्ती राजाचं नाव इस्लामच्या कलम्याबरोबर! आधी हसू येतं, पण तुमची चर्चा वाचल्यावर कळलं. तेव्हा सोनं म्हटलं की खलिफाचा दिनार, जसं दोनशे वर्षांपूर्वी सम्राटाचा सॉलिडस. ओफाने पोपला दर वर्षी ३६५ सोन्याची नाणी द्यायचं कबूल केलं होतं, ते पोप लिओच्या ७९८ च्या पत्रात आहे. हे नाणं त्यासाठीच असावं असं काही अभ्यासक म्हणतात.

याच ओफाने चांदीवर राणी कायनेथ्रिथचंही नाव आणि चेहरा घातला. त्या काळातल्या इंग्लंडमध्ये नाण्यावर असलेली ती एकटीच राणी.

मधुमालती

राणीबद्दल वाचून आनंद झाला. लंडनचा_पाऊस, सटन हूच्या थैलीतही नाणी आहेत ना? ती कुणाच्या नावाची?

लंडनचा_पाऊस

परवा खास बघून आले, दालन ४१.

१९३९ साली इंग्लंडच्या सफक भागात, सटन हू इथे, जहाजात पुरलेल्या माणसाचं थडगं सापडलं, पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड असावा असं मानतात. कमरेच्या थैलीचं कातडं कुजून गेलंय, झाकणावरची सोन्याची आणि लाल गार्नेटची नक्षी मात्र काल केल्यासारखी. त्यात सोन्याची ३७ नाणी होती. सगळे फ्रँक ट्रेमिसिस, आणि प्रत्येक नाणं वेगळ्या टांकसाळीचं! शिवाय तीन कोऱ्या चकत्या, नाण्याच्याच आकाराच्या, त्यावर काहीच ठसा नाही. आणि दोन छोट्या सोन्याच्या लगडी.

कोऱ्या चकत्या बघून मला तुमचा धागा आठवला.

ठसा

फार छान पाहिलंत. त्या तीन चकत्यांवर बरंच लिहिलं गेलंय. नाणकशास्त्रज्ञ फिलिप ग्रीअरसनने सुचवलं होतं, की ३७ अधिक ३ म्हणजे ४०, चाळीस वल्हेकऱ्यांची मजुरी, आणि दोन लगडी सुकाणूवाल्यासाठी. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण कुणीतरी संख्या पुरी करण्यासाठी बिनठशाचं सोनं मोजून घातलं एवढं नक्की वाटतं.

तेव्हा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर कुठल्याच राजाचं स्वतःचं नाणं नव्हतं. थैलीतली नावं सगळी समुद्रापलीकडची. त्याच पिढीत, खाली केंटमध्ये एडबाल्ड (६१६ ते ६४०) गादीवर होता, आणि त्याच्या नावाची मोजकी सोन्याची नाणी सापडली आहेत. तीही फ्रँक ट्रेमिसिसच्याच वजनाची आणि धाटणीची. चेहऱ्याभोवती लिहिलंय 'ऑडुआर्ल्ड रेगेस'. लॅटिनमध्ये राजा म्हणजे 'रेक्स', राजाचं म्हणजे 'रेगिस'. 'रेगेस' म्हणजे अनेक राजे. कोरणाऱ्याला व्याकरण येत नव्हतं, बहुधा समोर ठेवायला नमुनाही नव्हता, कारण कुठल्या अँग्लो-सॅक्सन राजाचं नाव याआधी सोन्यावर कोरल्याचं माहीत नाही.